एमजीबीचा न सुटणारा ब्रेक

अकराव्या मैलाच्या आसपास गाडी जड वाटायला लागली. चौदाव्या मैलाला तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावरसुद्धा ती थांबायला बघत होती. बाजूला घेतली, उतरलो आणि माझा हात सरळ उजव्या पुढच्या चाकाकडे गेला. टेकवायची वेळच आली नाही. वीतभर अंतरावरूनच धग लागत होती आणि पॅड करपल्याचा वास येत होता. पाऊण तास रस्त्याकडेला बसलो. चाक निवलं आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा हलकी धावायला लागली.

याआधीच्या दोन महिन्यांत या गाडीच्या ब्रेकमधली जवळजवळ प्रत्येक वस्तू आम्ही बदललेली होती, नाहीतर उघडून साफ केलेली होती.

गाडी १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनली. रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. हे वरदान आहे आणि शापही, कारण भाग मिळतो म्हणून माणूस तो बदलत सुटतो. ब्रेक लॉकहीड कंपनीचे: पुढे पावणेअकरा इंची डिस्क आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे दोन पिस्टनचे कॅलिपर, मागे दहा इंची ड्रम. मालक माझे मित्र, वयाने बरेच मोठे. गाडी त्यांच्या गॅरेजमध्ये चौदा वर्षं उभी होती. इंजिन त्यांनी स्वतःच चालू केलं. ब्रेकसाठी मला बोलावलं.

या मॉडेलबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. हिचा ब्रेक एकाच सर्किटचा आहे. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये एकच पिस्टन, त्यातून निघणारी एकच लाइन, तीच पुढे चारी चाकांना वाटली जाते. मागच्या एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं तरी पेडल थेट फरशीला टेकतं आणि चारही ब्रेक एकदम जातात. अमेरिकेत १९६८पासून दुहेरी सर्किट सक्तीचं झालं, म्हणून तिकडे जाणाऱ्या एमजीबीला ते मिळालं. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्या मात्र त्यानंतरही बरीच वर्षं एकेरीच राहिल्या. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. म्हणजे ही गाडी नीट थांबते की नाही हे कोणी सक्तीने तपासणार नव्हतं. ती जबाबदारी पूर्णपणे आमच्यावर होती, आणि कामाला हात घालताना ते डोक्यात होतं.

पहिल्या दिवशी गाडी अंगणात दहा फूट चालवून पेडल दाबलं तर ती चटकन डावीकडे ओढली गेली. याचा अर्थ उजवा ब्रेक लागत नाही. उजव्या कॅलिपरचा बाहेरचा पिस्टन जाम होता. अशा पिस्टनवर लोक हवेच्या कॉम्प्रेसरचा प्रयोग करतात. मी करत नाही, कारण पिस्टन सुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. त्यापेक्षा कॅलिपर अजून गाडीला जोडलेला असताना गाडीचंच पेडल वापरावं. मोकळ्या पिस्टनला क्लॅम्प लावून अडवला, जाम पिस्टनसमोर लाकडाची फळी धरली, आणि मालकांना हळूहळू पेडल दाबायला सांगितलं. मास्टर सिलिंडर गळका होता, पण तेवढा दाब त्याने धरला. करकरत, अर्धा-अर्धा मिलिमीटर करत पिस्टन बाहेर आला.

मूळ पिस्टन क्रोम चढवलेल्या पोलादाचे असतात. धूळ अडवणाऱ्या रबराखाली पाणी साचतं, क्रोमला फोड येतात आणि मग त्या फोडांवरून सील घासत राहतं. चारही पिस्टन स्टेनलेस स्टीलचे घेतले. कॅलिपरचे दोन अर्धे मात्र वेगळे केले नाहीत. कंपनीचं मॅन्युअलही तेच सांगतं, आणि न उघडता सगळं साफ करता येतं. सीलच्या खाचा लाकडी काडीने खरवडल्या. लोखंडी टोकाने तिथे एक ओरखडा पडला तरी कायमची गळती पदरात येते. जोडणीला फक्त लाल रबर ग्रीस वापरलं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल या रबरांना चालत नाही. ती फुगतात आणि कामातून जातात.

कॅलिपरचं सील दोन कामं करतं, आणि पुढचं समजायला त्यातलं दुसरं महत्त्वाचं आहे. ते ऑइल अडवतंच, शिवाय पेडल दाबल्यावर पिस्टनबरोबर जरासं मुरडतं आणि पेडल सोडल्यावर पुन्हा सरळ होताना पिस्टनला किंचित मागे ओढतं. डिस्कला परतीची स्प्रिंग नसते. हा केसभर मागे जाणारा पिस्टन हीच काय ती मोकळीक. ऑइलला मागे जायला वाट मिळाली नाही तर सील कितीही नवं असो, पॅड डिस्कला चिकटूनच राहणार.

डिस्कच्या कडा गंजाने खाल्लेल्या होत्या, म्हणून दोन्ही बदलल्या. एमजीबीत डिस्क हबच्या मागच्या बाजूने बोल्टने बसते, म्हणजे डिस्कसाठी हब उतरवावं लागतं आणि हब उतरवलं की बेअरिंगची जुळणी पुन्हा करावी लागते. इथे जुन्या इंग्लिश गाड्यांवर काम करणारे बरेचजण एक चूक करतात. इतर गाड्यांत टेपर बेअरिंगचा नट हाताने कसून थोडा सैल सोडतात, तसंच इथेही करतात. पण एमजीबीच्या दोन बेअरिंगांमध्ये एक स्पेसर आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. नट चाळीस ते सत्तर फूट-पाउंडांपर्यंत घट्ट आवळायचा असतो आणि हबची ढिलाई दोन ते चार हजारांश इंच, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर, ही शिमच्या जाडीने साधायची असते. आधीच्या कोणीतरी या गाडीतून शिम काढून टाकले होते. नवे शिम लावत, डायल गेज टेकवत, काढत, पुन्हा लावत एका बाजूला अख्खी दुपार गेली.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते आकड्यांत बघा. कॅलिपरचा पिस्टन साधारण ५४ मिलिमीटर व्यासाचा, पुढे असे चार. मास्टर सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. ढिल्या हबमुळे डिस्क डगमगून प्रत्येक पिस्टन फक्त ०.१ मिलिमीटर जादा मागे ढकलला गेला, तर पॅड पुन्हा डिस्कला टेकेपर्यंत मास्टर सिलिंडरला तीन मिलिमीटरहून जास्त फुकट प्रवास करावा लागतो, आणि पेडलच्या टोकाशी तो कितीतरी पट मोठा होतो. पहिल्यांदा दाबलं की पेडल खाली जातं आणि दुसऱ्यांदा वर येतं, अशी तक्रार असलेल्या गाड्यांत लोक वर्षानुवर्षं ब्रेकच्या लाइनमधली हवा काढत बसतात. हवा तिथे नसतेच.

मागच्या ड्रमचं थोडक्यात सांगतो. ड्रमला आतून घासणाऱ्या जुन्या शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्याच्यावर १९९९मध्ये पूर्ण बंदी आली, पण १९६७च्या गाडीत काय बसलंय ते कोण सांगणार? त्यामुळे हवेचा झोत मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. दोन्ही व्हील सिलिंडर नवे घातले. ते जागी धरून ठेवणारी ई आकाराची क्लिप बसवताना माझ्या तोंडून जे शब्द निघाले, ते ऐकून मालकांनी गॅरेजचं दार लावून घेतलं. ॲडजस्टरची चौकोनी डोकी उघड्या पान्याने गोल झालेली होती, म्हणून तेही बदलले.

पाइपांवर जरा थांबतो, कारण धोका तिथे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गंजलेल्या पोलादी पाइपांच्या जागी तांबं-निकेलचे ३/१६ इंची पाइप टाकले. ते हाताने वळतात आणि गंजत नाहीत. या गाडीवर दोन प्रकारची टोकं आहेत. बाहेरून आटे असलेल्या नटाला एकेरी, बुडबुड्यासारखी फुगलेली फ्लेअर लागते आणि आतून आटे असलेल्या नटाला दुहेरी, आत दुमडलेली. उलटसुलट केली तर नट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण धार नीट टेकत नाही. त्याहून वाईट आट्यांचं. गाडीचे नट बहुतेक ३/८ इंच यूएनएफचे आणि बाजारात मिळणारे नवे बरेचसे मेट्रिक, एम१०चे. पहिला ९.५ मिलिमीटरचा, दुसरा १० मिलिमीटरचा, आणि आट्यांमधलं अंतर दोन्हींत जवळजवळ सारखंच. इंचाचा नट मेट्रिक भोकात सुरेख फिरत जातो, आवळतोही, आणि एक दिवस जोरात ब्रेक मारल्यावर आट्यांसकट बाहेर येतो. या एका शंकेपोटी आम्ही प्रत्येक नट व्हर्नियरने मोजला. दोन मेट्रिक निघाले. एकाच पिशवीत, एकाच छापील लेबलखाली.

मास्टर सिलिंडर नवा घेतला. चाकांकडे जाणारे लवचिक होज तिन्ही नवे. ब्रेक ऑइल डॉट ४ प्रतीचं. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंगाला धक्का लावत नाही, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते पुष्कळांना आवडतं. पण त्यात बारीक बुडबुडे अडकतात, पेडल जरा स्पंजासारखं लागतं आणि आधीच्या ऑइलबरोबर ते मिसळत नाही. डॉट ४ हवेतली ओल पितं हे खरं. कोरं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल मुरल्यावर १५५ पुरतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं असं मालकांकडून कबूल करून घेतलं.

हवा काढली, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून. पेडल कडक झालं, पण लांब होतं. मागचे ॲडजस्टर चाक अडेपर्यंत आवळून, चाक मोकळं फिरेल इतकेच सोडले. निम्मी लांबी तिथेच कमी झाली. उरलेली सापडली पेडलच्या भोकात. मास्टर सिलिंडरचा पुशरॉड पेडलला ज्या पिनने जोडलेला असतो, ती पिन इतक्या वर्षांत एका बाजूने खाल्ली गेली होती आणि पेडलमधलं गोल भोक अंडाकृती झालं होतं. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडलं, पिन नवी टाकली. पाच मिनिटांत दिसणारी ही गोष्ट आम्ही शेवटी बघितली, कारण तिची पेटी कुठल्या कॅटलॉगमध्ये नव्हती.

याच सुमाराला ब्रेक दाबल्यावर मागे लागणारा लाल दिवा लागेनासा झाला. या वर्षाच्या गाडीत दिव्याचा स्विच ब्रेकच्या पाइपातच बसवलेला असतो आणि तो ऑइलच्या दाबावर चालतो. नवा स्विच आणला, तो पंधरा दिवसांत बंद पडला. या नव्या स्विचांबद्दल ही तक्रार जुनीच आहे. तेव्हा पाइपातलं भोक प्लगने बुजवून मी पेडलपाशी एक पट्टी बसवली आणि तिच्यात साधा दांडीचा स्विच लावला, जसा पुढच्या काळातल्या गाड्यांत असतो. तासाभराचं काम. त्याबद्दल मला थोडा अभिमानही वाटला होता.

आणि मग तो चौदावा मैल.

उजवं चाक तापलं, म्हणजे उजव्या होजचा दोष, हे मी रस्त्याकडेलाच ठरवून टाकलं. असा दोष खरोखर असतो. होजचं आतलं रबर सुटून पडद्यासारखं होतं. पेडलच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण परतीला जोर नसतो, म्हणून ते तिथेच अडकतं. बाहेरून होज ठणठणीत दिसतो. होज तीन आठवड्यांचा होता, पण नवा भाग सदोष असू शकतो हे नटांनी नुकतंच शिकवलं होतं. दुसरा होज आणला, बसवला, हवा काढली. पुढच्या रविवारी गाडी बाराव्या मैलाला पुन्हा अडली. मग उजवा कॅलिपर उघडला. पिस्टन दोन बोटांनी सरकत होते, सीलवर ओरखडा नव्हता. पुन्हा जोडला. काढलेला होज मी सुरीने उभा चिरून बघितला. आतून कोराकरकरीत.

दोन रविवार गेल्यावर मालकांनी विचारलं, “डावं चाक किती तापलं होतं?”

मला सांगता आलं नाही. दोन्ही वेळा मी उजव्याच चाकाकडे गेलो होतो, कारण दोन महिन्यांपूर्वी जाम झालेला पिस्टन उजवा होता. डाव्या चाकाला हात लावायचं सुचलंच नाही.

तिसऱ्या वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर बरोबर घेतला. गाडीला तारांची चाकं आहेत, त्यामुळे तारांमधून नेम धरून थेट डिस्कचं तापमान घेता येतं. गाडी जड झाल्यावर थांबून मोजलं तर उजवी १६४ अंश, डावी १५८. मागचे ड्रम ५० च्या आतबाहेर. झालं. होज आणि कॅलिपर दोन्ही निर्दोष ठरले, कारण डावीकडचा होज वेगळा, कॅलिपर वेगळा आणि दुखणं मात्र एकच. तिथेच एक खात्री करून घेतली. डाव्या कॅलिपरचं हवा काढायचं निपल पाव फेरा सोडलं. गरम ऑइलची चिळकांडी उडाली आणि दोन्ही पुढची चाकं एकदम मोकळी झाली. एकेरी सर्किटचा हा एक फायदा आहे: कुठेही भोक पाडा, दाब सगळीकडचा जातो. उजवा होज आतून बंद असता तर डावं निपल सोडून उजवं चाक सुटलं नसतं. ही परीक्षा पहिल्याच दिवशी, एका पान्याने, रस्त्याकडेला करता आली असती.

दाब अडकत होता तो सगळ्यांच्या आधी, मास्टर सिलिंडरपाशी. त्याच्या आत पिस्टनच्या अगदी पुढे एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण सुटलेलं असताना ते उघडं राहतं आणि चाकांकडची लाइन टाकीला जोडलेली राहते. ब्रेक वापरला की ऑइल तापून फुगतं आणि जादा झालेलं या छिद्रातून टाकीत परततं. पेडल दाबताक्षणी पिस्टनचं सील छिद्राच्या पुढे सरकतं, वाट बंद होते आणि मगच दाब तयार होतो. पिस्टन जरासा पुढेच अडकून राहिला तर छिद्र कायमचं झाकलं जातं. थंड गाडीत काही कळत नाही. ब्रेक लागतो, सुटतो, सगळं छान. दहा-बारा मैलांत ऑइल फुगतं, त्याला जागा नसते, पॅड डिस्कवर दाबले जातात, त्याने डिस्क आणखी तापते, ऑइल आणखी फुगतं. मागच्या ड्रमना परतीच्या स्प्रिंगा आहेत आणि शू व ड्रममध्ये मोकळी जागा जास्त, म्हणून ते वाचले. पाऊण तासाने ऑइल निवून आकसलं की गाडी निर्दोष.

हे छिद्र उघडं आहे का ते बघायची जुनी युक्ती अशी: टाकीचं झाकण काढायचं आणि दुसऱ्याने पेडल अगदी हलकं टिचकी मारल्यासारखं दाबायचं. छिद्र उघडं असेल तर ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक कारंजं उसळतं. आमच्याकडे पृष्ठभाग तळ्यासारखा स्तब्ध. मालक म्हणाले, मास्टर सिलिंडर परत करू. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग पेडलखाली बूट घालून ते वर उचलून बघितलं. मॅन्युअलप्रमाणे पेडलला अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटर, मोकळा खेळ हवा. इथे शून्य. पेडल वर कशाला तरी टेकलेलं होतं.

टेकलं होतं ते माझ्या स्विचला. दिवा विझेपर्यंत स्विच आत फिरवला होता आणि खड्ड्यांत दिवा लुकलुकू नये म्हणून वर दोन फेरे जास्त दिले होते. दांडी पूर्ण आत जाऊन स्विचचं अंगच पेडलचा अडसर झालं होतं. पेडलच्या टोकाशी पाच-सहा मिलिमीटर, सिलिंडरच्या आत त्याचा थोडासा अंश. छिद्र झाकायला तेवढा पुरला. नट सैल करून स्विच थोडा मागे घेतला, आणि टक् असा आवाज करत पेडल आपणहून वर आलं. झाकण उघडंच होतं. पुढच्या टिचकीला कारंजं उडालं, माझ्या शर्टावर. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून शर्टाआधी बॉनेटवर पाणी ओतलं.

नंतर तीस मैलांची फेरी मारली, त्यात मुद्दाम लांब उतार घेतला. डिस्क तापल्या, पण पाय काढल्यावर गाडी मोकळी पळत राहिली.

एमओटीची सक्ती नसतानाही मालकांनी गाडी तपासणीला नेली. पुढच्या दोन चाकांत जेमतेम चार टक्क्यांचा फरक आला. हँडब्रेक मात्र नापास झाला. एकेरी सर्किटच्या गाडीचं पेडल गेलं तर हँडब्रेक हाच शेवटचा आधार, म्हणून तिथे त्याची अट कडक आहे: दुहेरी सर्किटला १६ टक्के कार्यक्षमता चालते, एकेरीला २५ लागते. आमची २१ भरली. केबल आवळून भागलं नाही. ॲक्सलवरचे सांधे गंजून अर्धवट फिरत होते. ते काढून घासले, ग्रीस भरलं, शू पुन्हा ॲडजस्ट करून सर्वांत शेवटी केबल ओढली. दुसऱ्या खेपेला २७. तपासणाऱ्याने जाता जाता ब्रेकचा दिवाही दाबून बघितला आणि म्हणाला, दिवा जरा उशिरा विझतोय, स्विच थोडा आत घ्या. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि किल्ली खिशात टाकली.